निळ्या टोपणाखालचे दुखणे

तंजावरहून तिरुवैयारुला निघाले की जेमतेम तेरा किलोमीटरांत एकामागून एक पूल लागतात. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचे नावच या पाच नद्यांवरून पडलेले आहे: तिरु म्हणजे पवित्र, ऐ म्हणजे पाच, आरु म्हणजे नदी. १८४७ साली त्यागराजांनी याच गावी देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. ही आराधना, तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला महाराष्ट्रातून जाणारी कुटुंबे आता पुष्कळदा आपल्याच गाडीने निघतात. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, नामक्कल, तिरुचिरापल्ली करत तंजावर गाठायचे म्हणजे एका बाजूने साधारण साडेबाराशे किलोमीटर होतात. जाऊन-येऊन अडीच हजार.

हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण नव्या डिझेल मोटारींत धूर शुद्ध करणाऱ्या द्रवाची टाकी रिकामी होत आली किंवा त्या प्रणालीत बिघाड झाला, की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते, आणि ती अनेक गाड्यांत २,४०० किलोमीटरच्या आसपास सुरू होते. पुण्याचा घाट उतरताना लागलेला दिवा दुर्लक्षित राहिला, तर शून्याचा आकडा परतीच्या वाटेवर, घर शंभर किलोमीटरवर आलेले असताना उगवू शकतो. चालू असलेली गाडी शून्यावर आली म्हणून भर रस्त्यात बंद पडत नाही. मात्र चहासाठी थांबून इंजिन बंद केले, तर ते पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे या दिव्याची भाषा निघण्यापूर्वीच समजून घ्यायला हवी. त्यात अवघड काही नाही. तपासणीचा क्रम तेवढा चुकता कामा नये.

टाकीत असते काय

या द्रवाचे कागदोपत्री नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ. ‘ॲडब्लू’ हा जर्मनीच्या वाहन उद्योग संघटनेचा नोंदलेला व्यापारचिन्ह-शब्द, पण तोच सगळीकडे रुळला आहे. महामार्गावरचे ट्रकचालक सरळ ‘युरिया’ म्हणतात. त्यात वजनाने ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी असते. तिसरे काहीही नाही. ते डिझेलमध्ये मिसळायचे नसते. त्याची टाकी वेगळी आणि टोपण निळे. काही गाड्यांत हे टोपण डिझेलच्या टोपणाशेजारीच असते, काहींत डिकीत किंवा बॉनेटखाली. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० किंवा स्कॉर्पिओ-एन या डिझेल गाड्यांत अशी टाकी आहे. आपल्या गाडीत ती आहे की नाही, हे मालकाच्या पुस्तिकेत दोन मिनिटांत सापडते.

ही टाकी आली कशासाठी? १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती नायट्रोजन ऑक्साइड सोडावे, याची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला आणि प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही गाडीचा धूर मोजला जाऊ लागला. हे वायू दम्याच्या रुग्णाला, लहान मुलाच्या फुप्फुसांना थेट बाधतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. म्हणून सायलेन्सरच्या नळीत गरम धुरावर या द्रवाचा बारीक फवारा मारला जातो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, पुढच्या उत्प्रेरकावर अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड भेटतात, आणि बाहेर पडतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. मोटारीला हजार किलोमीटरमागे सामान्यतः एक ते दोन लिटर द्रव लागतो. म्हणजे पुणे-तिरुवैयारु-पुणे प्रवासाला अडीच ते पाच लिटर.

सगळ्या गुंत्याचे मूळ एका अटीत आहे. धूर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय फवारा मारता येत नाही. थंड नळीत पडलेला युरिया वायू न होता खड्याच्या रूपात साठतो.

दिवा लागल्यावर पहिला तास

पहिले काम म्हणजे संदेश नीट वाचणे. ‘द्रव कमी आहे’, ‘द्रवाची प्रत चुकीची आहे’ आणि ‘प्रणालीत बिघाड आहे’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढावा, त्यात किलोमीटरचा आकडाही यावा. पुढे मेकॅनिकला हा फोटो फार उपयोगी पडतो.

इथे एक घोटाळा टाळण्याजोगा आहे. काजळीच्या गाळणीचा, म्हणजे डीपीएफचा दिवा वेगळा असतो. गाळणी तुंबली असेल तर महामार्गावर काही काळ स्थिर वेगाने गाडी चालवून ती स्वतःला साफ करून घेते. त्या धावण्याने डीईएफची टाकी भरत नाही आणि बिघडलेला पंपही सुधारत नाही. दोन दिव्यांची गल्लत करून नुसतीच गाडी पळवत राहणारे चालक उलट्या मोजणीतले मोलाचे किलोमीटर घालवून बसतात.

संदेश फक्त पातळीचा असेल, तर द्रव भरावा. पण लिटरभर ओतून भागत नाही. पुष्कळ गाड्यांना पातळी वाढल्याची खात्री पटायला एकदम पाच ते दहा लिटर लागतात. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, नवा सीलबंद कॅन वापरून भरावे. मग लगेच सेल न मारता इग्निशन चालू करून पुस्तिकेत सांगितले असेल तितका वेळ थांबावे. टाकीतली पातळी अनेकदा ध्वनिलहरींनी मोजली जाते आणि नुकत्याच ओतलेल्या द्रवावर फेस असला तर मोजणी फसते. भरूनही संदेश गेला नाही म्हणून घाबरून पुन्हा ओतू नये. टाकी गळ्यापर्यंत भरली तर हवा जायची वाट तुंबते आणि नवी तक्रार सुरू होते.

सांडलेला द्रव वाळला की पांढरा थर उरतो. तो साध्या पाण्याने लगेच धुवावा. तांबे, पितळ आणि जस्त यांना हा द्रव खातो, आणि त्यांचे कण द्रवात उतरले तर उत्प्रेरक बिघडतो. तंजावर-कुंभकोणम पट्ट्यात पितळेच्या दवरा-टंबलरमधून कॉफी पिण्याची गोड चाल आहे; पण डीईएफ मोजायला किंवा ओतायला घरातले पितळी भांडे घेऊ नये. प्लॅस्टिकचे स्वच्छ, फक्त याच कामासाठी ठेवलेले नरसाळे घ्यावे. डिझेल किंवा ऑइल ओतलेले नरसाळे तर मुळीच नको. रबरी पडदे आणि सील फुगवायला डिझेलचे थोडे थेंबही पुरतात.

चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेले, किंवा डिझेल निळ्या टोपणाखाली गेले, तर एकच नियम: किल्ली फिरवायची नाही. नुसते इग्निशन लावले तरी पंप चालू होऊन चुकीचा द्रव पुढच्या नळ्यांत जातो. गाडी टो करून न्यावी. टाकी उपसून धुण्याचा खर्च इंजेक्टर आणि पंप बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

आधी द्रव, मग सुटे भाग

‘प्रत चुकीची’ असा संदेश आला की सेन्सर बदलण्याची घाई होते. सेन्सर खरे बोलतो आहे असे धरून आधी द्रव तपासावा. पारदर्शक काचेच्या पेल्यात थोडा घेऊन पाहावा. चांगला डीईएफ पाण्यासारखा नितळ आणि बिनरंगी असतो. अमोनियाचा किंचित वास येऊ शकतो. गढूळ, पिवळसर किंवा वर तेलाचा तवंग असलेला द्रव काढून टाकावा. पुढची पायरी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारे भिंगाचे साधन. त्यावर दोन थेंब टाकले की युरियाचे प्रमाण दिसते. आयएसओ २२२४१ या मानकानुसार ते ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या मध्ये हवे. आकडा खाली असेल तर कोणीतरी पाणी घातले आहे. वर असेल तर उन्हाने पाणी उडाले आहे. मात्र हे साधन फक्त प्रमाण सांगते, शुद्धता सांगत नाही. क्षार, तेल, धातूचे कण त्याला दिसत नाहीत.

तिरुवैयारुच्या आसपास हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. हा कावेरीचा भातपट्टा आहे. खताच्या दुकानात युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या रचलेल्या असतात आणि ‘युरिया म्हणजे युरियाच ना’ असे कोणालाही वाटू शकते. उत्तर ठाम नाही असे आहे. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो. तो लेप जमिनीत नायट्रोजन हळूहळू सुटावा म्हणून असतो, आणि अनुदानित खत कारखान्यांकडे वळवणे अवघड व्हावे हाही त्यामागचा हेतू आहे. दाणे चिकटू नयेत म्हणून खतात इतर पदार्थही असतात. डीईएफच्या मानकात कॅल्शियम किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तांबे ०.२ मिलिग्रॅम, जस्त ०.२ मिलिग्रॅम इतकीच चालतात. बोअरचे पाणी सोडाच, घरातल्या आरओचे पाणीही या कसोटीला उतरत नाही. शेतीचे अनुदानित खत दुसऱ्या कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाचा भंग आहे, ते निराळेच. दोनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस फवाऱ्याचे तोंड, पंपाची जाळी आणि उत्प्रेरक असे तीन भाग एकाच दिवशी संकटात टाकतो.

टंचाई आली की हा मोह वाढतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि दक्षिण कोरियातली मालवाहतूक डगमगली. नोव्हेंबरमध्ये त्या देशाने लष्कराचे विमान ऑस्ट्रेलियाला पाठवून सुमारे २७ हजार लिटर द्रव आणला. पुढे ऑस्ट्रेलियालाच त्याची चणचण भासली. एवढे संपन्न देश विमान पाठवतात, पण खताचे पाणी टाकीत ओतत नाहीत, यावरून या द्रवाच्या शुद्धतेचे मोल कळते.

ताजेपणा हा दुसरा प्रश्न. डीईएफ खराब होतो तो थंडीपेक्षा उन्हाने. उणे ११ अंशांना तो गोठतो, वितळला की पुन्हा वापरता येतो. तंजावरला ती वेळ येत नाही. मानकातला साठवणुकीचा हिशेब असा: २५ अंशांपर्यंत ठेवला तर १८ महिने, ३० अंशांपर्यंत १२ महिने, ३५ अंशांपर्यंत जेमतेम ६ महिने. चैत्र-वैशाखात तंजावरात पारा ३५ च्या वर असतो, आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन त्याहून तापतो. म्हणून विकत घेताना उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक पाहावा, आयएसओ २२२४१ चा उल्लेख पाहावा, सील पाहावे, आणि उन्हात रचलेल्या ढिगातला कॅन घेऊ नये. उरलेला कॅन गाडीच्या डिकीत वर्षभर घेऊन फिरू नये. गावाकडे उभी राहणारी, वर्षात दोनदाच चालणारी गाडी असेल तर टाकीतला जुना द्रव काढून ताजा भरणे शहाणपणाचे.

पांढरे खडे

द्रव चांगला निघाला आणि तक्रार तशीच राहिली, तर गाडीखाली वाकून फवाऱ्याचा इंजेक्टर पाहावा. सायलेन्सरच्या नळीवर बसवलेल्या या छोट्या भागाभोवती पांढरी पूड किंवा मिठासारखे खडे दिसले, तर तिथे गळती आहे किंवा फवारा नीट फुटत नाही.

हे खडे होतात कसे, हे आराधनेच्या दिवसांत डोळ्यांनी दिसते. पाहुण्यांच्या गाड्या अरुंद रस्त्यावर मुंगीच्या चालीने सरकतात, वातानुकूलनासाठी इंजिन तासन्‌तास चालू राहते, मुक्कामापासून समाधीपर्यंत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या होतात. धूर कधी पुरता तापतच नाही. अधूनमधून पडलेला युरिया नळीच्या भिंतीवर चिकटतो, आणि त्यापासून बाययुरेट, सायन्युरिक आम्ल असे उत्तरोत्तर चिवट होत जाणारे पदार्थ तयार होतात. शहरात फक्त शाळा-बाजार करणाऱ्या डिझेल गाडीचे हेच होते.

सुरुवातीचे खडे पाण्यात विरघळतात. मेकॅनिकने थंड झालेला इंजेक्टर काढून त्याचे तोंड कोमट क्षारमुक्त पाण्यात भिजवावे. तारेने खरवडू नये, कारण भोके केसासारखी बारीक असतात. बसवताना नवे गॅस्केट घालावे. नळीच्या आत दगडासारखा थर बसला असेल तर तो मात्र कार्यशाळेत काढावा लागतो. किरकोळ तक्रारीवर गाडीला मोकळी धाव द्यावी. तंजावर-तिरुचिरापल्ली हा पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा चौपदरी रस्ता त्यासाठी उत्तम: स्थिर वेग, न थांबता अर्धा-पाऊण तास.

तारा, बॅटरी, सेन्सर

पुढची पायरी स्कॅनरची. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी जोडणीत स्कॅनर लावला की संकेतक्रमांक मिळतात. काही नेहमी भेटणारे: पी २०३एफ म्हणजे द्रवाची पातळी फार कमी, पी २०७एफ म्हणजे द्रवाच्या प्रतीची तक्रार, पी २०ई८ म्हणजे द्रवाचा दाब कमी, पी २२०० म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या पहिल्या (नॉक्स) सेन्सरच्या विद्युतमार्गाची तक्रार, पी २०ईई म्हणजे उत्प्रेरकाची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी, पी २०४एफ म्हणजे एकूण प्रणालीचे काम समाधानकारक नाही.

हे क्रमांक रोगाचे नाव सांगत नाहीत, लक्षण सांगतात. पी २०ईई आला म्हणून उत्प्रेरक बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थेट शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. हाच क्रमांक पातळ केलेल्या द्रवाने येतो, खडे धरलेल्या इंजेक्टरने येतो, सायलेन्सरच्या सांध्यातून आत शिरणाऱ्या हवेने येतो, थोडा धूर इंजिनात परत फिरवणारी ईजीआर झडप अडकून इंजिनातूनच जास्त नायट्रोजन ऑक्साइड येऊ लागले तरी येतो. उत्प्रेरकाचा नंबर या यादीत शेवटचा.

स्कॅनरच्याही आधी बॅटरी मोजावी. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली आणि सेल मारताना साडेनऊच्या खाली व्होल्टेज उतरत असेल, तर सेन्सर आणि नियंत्रकांचे खोटे संकेत उमटतात. चार वर्षांच्या बॅटरीने कित्येकांना महागड्या सेन्सरच्या खर्चात पाडले आहे.

मग तारा. डीईएफ हा रांगणारा द्रव आहे. सैल सीलमधून तो जोडणीच्या पिनांत शिरतो आणि तांब्यावर हिरवट गंज चढवतो. जोडण्या उघडून पाहाव्यात. पौष-माघात कावेरीच्या खोऱ्यात सांबा भाताची कापणी चालते, मोकळ्या झालेल्या शेतांतले उंदीर आडोसा शोधतात, आणि रात्रभर उभी गाडी त्यांना सोयीची वाटते. कुरतडलेली तार किंवा चावलेली नायलॉनची नळी नुसत्या डोळ्यांनी सापडते, पण गाडी उचलून पाहिली तरच.

नॉक्स सेन्सर दोन असतात, एक उत्प्रेरकाच्या आधी, एक नंतर. आतला चिनी मातीसारखा घटक कित्येक शे अंश तापलेला असतो. त्यावर पाणी उडाले तर तो तडकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथल्या ईशान्य मोसमी पावसाचा काळ. तुंबलेल्या पाण्यातून वेगाने गाडी काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर संशयाचे बोट या सेन्सरकडे वळते. खात्री करायची रीत सोपी आहे: इंजिन पूर्ण तापल्यावर स्थिर वेगाने चालवत स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे आकडे एकत्र पाहायचे. पहिल्याचा आकडा मोठा आणि दुसऱ्याचा शून्याजवळ असेल तर प्रणाली काम करते आहे. दोन्ही सारखेच असतील तर फवारा पडत नाही किंवा उत्प्रेरक थकला. एखादा आकडा अजिबात हलतच नसेल तर तो सेन्सर किंवा त्याची तार गेली.

पंपाची कसोटी दाबाने होते. अनेक प्रणालींत तो सुमारे ५ बार असतो. गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळतो. स्कॅनरवरून इंजेक्टरची फवारणी चाचणीही घेता येते: इंजेक्टर काढून मोजपात्रात ठरलेला वेळ फवारा मारायचा आणि जमलेला द्रव पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचा. जमलेला द्रव कमी भरला आणि दाब बरोबर असला तर दोष इंजेक्टरचा. दाबच नसला तर पंप, जाळी किंवा नळीचा.

टाकीतल्या हीटरची गोष्ट दक्षिणेत अनेकांना चक्रावून टाकते. इथे बर्फ नाही, तरी हीटरचा विद्युतमार्ग तुटला की दिवा लागतो आणि मोजणीही सुरू होऊ शकते, कारण संगणक वेगळ्या हवामानाचा नियम मानत नाही. हीटर, पंप आणि पातळीमापक पुष्कळ गाड्यांत एकाच संचात बसवलेले असतात आणि संच पूर्ण बदलावा लागतो. म्हणून त्या निष्कर्षावर येण्याआधी फ्यूज, रिले आणि जोडणी तपासली का, हे विचारायलाच हवे.

एक बारीक सवयही दुरुस्ती वाचवते. इंजिन बंद केल्यावर पंप काही वेळ उलटा चालून नळीतला द्रव टाकीत परत ओढतो. तो आवाज थांबण्याआधी बॅटरीची तार काढली तर द्रव नळीत आणि इंजेक्टरात राहतो, उष्णतेने आटतो आणि खडे धरतो. बॅटरीचे काम असेल तर दोन-तीन मिनिटे थांबावे.

परगावच्या गॅरेजमध्ये

तंजावरच्या भोसले राजांच्या काळात रामेश्वरच्या वाटेवर छत्रे होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या सरफोजींनी उभारलेले ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. यात्रेकरूला तिथे जेवण आणि निवारा मिळे. आजच्या प्रवाशाला जाणते गॅरेज हवे असते, आणि या मार्गावर ते मिळते. नामक्कल हा लॉरींच्या व्यवसायाचा आणि बांधणीचा मोठा तळ आहे. जड वाहनांत ही प्रणाली रोज हाताळणारे कारागीर त्या पट्ट्यात आहेत आणि महामार्गावरच्या पंपांवर डीईएफ मिळतो. मोटारीचे निदान मात्र तिच्या कंपनीच्या स्कॅनरवर करणे बरे, म्हणून तिरुचिरापल्ली किंवा तंजावरचे अधिकृत केंद्र आधीच शोधून ठेवावे. भाषेची अडचण फारशी येत नाही: ‘ॲडब्लू’, ‘सेन्सर’, ‘स्कॅनर’ हे शब्द मराठीत आहेत तसेच तमिळ गॅरेजमध्येही आहेत.

तिथे चार गोष्टी मागाव्यात. संकेत पुसण्याआधी त्यांची छापील प्रत किंवा फोटो. संकेत उमटला त्या क्षणाचे वेग, तापमान वगैरे आकडे, ज्यांना फ्रीझ फ्रेम म्हणतात. भाग बदलण्याआधी कोणत्या चाचणीने तो दोषी ठरला याचे उत्तर. आणि बदललेला जुना भाग. हमीची मुदत संपलेली नसेल तर बाहेर काही उघडण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नुसते संकेत पुसून गाडी हातात देणारा मेकॅनिक काही सोडवत नाही, उलट पुढच्या माणसाच्या हातातला पुरावा नाहीसा करतो.

या टप्प्यावर कधी कधी ‘ही प्रणालीच बंद करून देतो’ असा प्रस्ताव येतो. एक छोटी पेटी बसवायची, ती संगणकाला सगळे ठीक असल्याचे खोटे संकेत देते. हे करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, हमी जाते आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद उभा राहतो. २०१५ साली फोक्सवॅगनवर अमेरिकेत कारवाई झाली ती अशाच फसवणुकीबद्दल, चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण धूर सोडणाऱ्या आज्ञावलीबद्दल. ज्या गल्लीत गाडी उभी असते, त्या गल्लीतल्या मुलांच्या श्वासात हा धूर जातो. दुरुस्ती महाग वाटली तरी तीच करावी.

काम झाल्यावर लगेच परतीला निघू नये. प्रतीच्या किंवा कार्यक्षमतेच्या तक्रारीनंतर संगणक काही अंतर गाडी चालवून, धूर पुरेसा तापवून स्वतः खात्री करून घेतो. तोवर मोजणी पडद्यावर राहू शकते. तंजावरहून तिरुचिरापल्लीच्या दिशेने तासभर गाडी चालवावी, परत येऊन स्कॅनर पुन्हा लावावा, प्रलंबित संकेत उरला नाही हे पाहावे. मग टाकी भरावी, डायरीत किलोमीटर, भरलेले लिटर, कॅनचा बॅच क्रमांक आणि तारीख लिहावी. पुण्याला पोचल्यावर पुन्हा भरताना हीच नोंद काढून हजार किलोमीटरला किती द्रव गेला ते काढावे. आकडा अर्ध्या लिटरच्या खाली किंवा नेहमीच्या तिपटीहून वर असेल, तर दिवा लागण्याची वाट न पाहता फवाऱ्याची चाचणी पुन्हा करून घ्यावी.